गण कोणाला, हसू कोणावर

तमाशाचा खेळ उभा राहतो तो गणाने. ढोलकी-हलगीची सलामी झडते, तुणतुणे सुराला लागते आणि शाहीर गणपतीला नमन करतो. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि पेंद्या. त्यामागून बतावणी, लावण्या आणि रात्र चढली की वग. हा क्रम महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांच्या अंगवळणी पडलेला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही माणसांनी या पक्क्या बांधणीच्या खेळात हात घातला. नमन कोणाला करायचे ते त्यांनी बदलले, सोंगाड्याच्या विनोदाचा रोख फिरवला, वगातले नगर उठवून तिथे आपलेच गाव आणून बसवले. ढोलकी तीच राहिली, झीलकऱ्यांनी धरलेला टिपेचा सूर तोच राहिला. खेळाला नाव मिळाले जलसा. पुढ्यातल्या ग्रंथाचा विषय हा जलसा आणि त्यातून पुढे वाहत गेलेली शाहिरी हा आहे.

कला हा समाजाचा आरसा असतो, असे आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. ते खोटे नाही, पण तेवढ्यावर थांबले की कलेने समाजावर केलेले काम नजरेआड होते. संगीत नाटकाचेच पाहा. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि मराठी मध्यमवर्गाच्या कानाला एक नवे वळण लागले. रागदारी घराघरांत गुणगुणली जाऊ लागली. 1899 साली देवलांच्या 'शारदा'ने म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख रंगभूमीवर मांडले आणि जरठ-कुमारी विवाहाची लाज समाजाला वाटू लागली. बालगंधर्वांचे नेसणे, त्यांचे अलंकार पाहून घरंदाज बायका आपली वेशभूषा ठरवू लागल्या. खाडिलकरांचे 'कीचकवध' 1907 साली आले, त्यातल्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि सरकारने पुढे त्या नाटकावर बंदी घातली. नाटक करमणुकीपुरतेच असते असे त्या सरकारला वाटले असते, तर बंदीचा खटाटोप त्याने केला नसता.

पण या नाटकांचा प्रेक्षक तिकीट काढून आत येणारा, बहुतांशी शहरातला आणि लिहितावाचता होता. त्याच्या हाती 'केसरी' होता, ग्रंथ होते, सभा होत्या. नाटक नसते तरी नवा विचार त्याच्यापर्यंत दुसऱ्या वाटेने पोचला असता. जलशाच्या प्रेक्षकाला ही दुसरी वाट नव्हती. अक्षराची बंदी ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या होती, त्या माणसापर्यंत विचार न्यायचा तर तो गाऊनच न्यावा लागणार होता. म्हणून कला माणसाला कशी घडवते याचा शोध घ्यायचा तर जलशाइतके बोलके उदाहरण आपल्या भाषेत दुसरे नाही, असे मी मानतो.

जलसा ज्या मातीतून उगवला ती आधी पाहू. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा हा आज उपलब्ध असलेल्या जुन्यात जुन्या पोवाड्यांपैकी एक. पेशवाईच्या उत्तरार्धात लावणीला बहर आला. सोलापूरचा ब्राह्मण रामजोशी, गवळ्याच्या घरातला होनाजी, मुसलमान सगनभाऊ, अनंत फंदी, प्रभाकर अशी सगळ्या जातीधर्मांची माणसे तिथे दिसतात आणि आपण कौतुकाने म्हणतो, पाहा, शाहिरीला जात नव्हती. रचणाऱ्यांपुरते हे बरेचसे खरे आहे. नाचणारे, वाजवणारे, सोंग घेणारे मात्र बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतले होते आणि पैसा टाकणारे वरचे होते. कवन सगळ्यांचे, देह मात्र ठरावीक जातींचा, अशी ती वाटणी होती. गावात ज्याची सावली चालत नसे त्याची लावणी चाले. तमाशात त्या काळचा समाज लख्ख दिसतो म्हणतात, तो असा.

ही वाटणी आधी ज्यांच्या डोळ्यांत सलली त्यांत जोतीराव फुले होते. 1855 साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. जोशी अडाणी कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून कसे लुबाडतो, हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. 1869 साली त्यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा रचला. ज्या प्रकारात शाहिराने सरदारांची बिरुदे गावी, त्याच प्रकारात फुल्यांनी शेतकऱ्यांचा राजा गायला. चार वर्षांनी, 24 सप्टेंबर 1873 रोजी, पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. जलशाची बीजे तिथे पडली असली तरी पीक आले ते जोतीरावांच्या निधनानंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, सातारा-कोल्हापूर-पुणे पट्ट्यातल्या गावांत.

सत्यशोधक जलशाने तमाशा मोडला नाही, आतून बदलला. काही जलशांत गण म्हटला जाई, पण गणपती म्हणजे गणांचा, म्हणजे लोकांचा, नायक असा त्याचा उलगडा करून. बतावणीत भटजी आणि शेतकरी समोरासमोर येत. लग्नाला मध्यस्थ कशाला, बारशापासून दहाव्यापर्यंत दक्षिणा कशासाठी, सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवण्याआधी तो वाचता यायला नको का, हे प्रश्न सोंगाड्याच्या तोंडून येत. गेल ऑम्वेट यांनी 1976 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ब्राह्मणेतर चळवळीचा जो इतिहास मांडला, त्यात या जलशांना मानाची जागा दिली आहे. पुरोहितावाचून लागलेली लग्ने, गावोगाव निघालेल्या शाळा, बोर्डिंगे ही त्या चळवळीची फळे. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नाना पाटील याच सत्यशोधक संस्कारात वाढलेले होते. 1942 नंतर त्यांच्या सभांना हजारोंची गर्दी लोटे तेव्हा तिथली रांगडी, हसवत हसवत चटका देणारी बोली लोकांना ओळखीची वाटली, कारण त्यांच्या वडिलांनी ती जलशात ऐकली होती.

आंबेडकरी जलसा याच वाटेने आला, पण तो खूप पुढे गेला. 1927 साली महाडच्या तळ्याचा सत्याग्रह झाला, 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या नाशिकच्या धगीत भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला आणि पुढे मुंबईच्या चाळींपासून खेड्यातल्या महारवाड्यांपर्यंत फिरला. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याचे चळवळीत आजही सांगितले जाते. ही केवळ शाबासकी नव्हती. सभेतले भाषण ऐकून माणूस टाळ्या वाजवून उठतो. जलशातले कवन त्याच्याबरोबर घरी जाते, जात्यावर बसते, पाळण्याशी म्हटले जाते, गिरणीच्या पाळीला जाताना ओठांवर येते. वाचता न येणाऱ्या माणसाजवळ विचार साठवायला जागा होती ती स्मरणाची, आणि तिथे तो चालीवरच पोचत होता.

या जलशाने केलेले बदल नीट पाहण्यासारखे आहेत. गणपतीचे नमन गेले. नमन बाबासाहेबांना आणि पुढे बुद्धालाही होऊ लागले. गवळण गेली. नाचीचा नाच गेला, दौलतजादा गेला. स्त्रीपात्र असेल तर ते पुरुषाने करायचे. पण माझ्या मते सर्वांत मोठा बदल वगात झाला. तमाशाच्या वगात कुठल्या तरी नगरीचा राजा असे, प्रधान असे, आणि सोंगाड्या राजाला अंगाला लागेल असे टोमणे मारी. गरीब प्रेक्षक पोट धरून हसे. तेवढा एक क्षण वरचा माणूस खाली येई. पण वग संपताना राजा राजाच राही आणि सोंगाड्या चाकरच. राज्य सत्याचे येई, पण राज्यच येई. जलशाने तो राजा उठवला. त्याच्या जागी पाटील आला, तलाठी आला, सावकार आला, पाणवठ्यावरून हाकलून देणारा गावकरी आला. समोर बसलेल्याचे गावच खेळात आले. आणि शेवट बदलला: मेलेले जनावर ओढायला नकार देणारा पोरगा शेवटीही नकारच देत उभा राहू लागला, त्याला शहाणपण शिकवून कोणी परत वेशीबाहेर बसवले नाही.

हसण्याचेही तसेच. आधी हसू राजावर होते आणि त्याची धार पहाटेपर्यंत बोथट होई. आता हसू आपल्याच अंगातल्या लाचारीवर होते. जोहार घालणारा म्हातारा, शिळ्या तुकड्यासाठी दारोदार फिरणारा येसकर, अंगात आलेल्या देवीला कोंबडे देणारी बाई, असे आपल्यातलेच कोणी समोर उभे करून जलसाकार म्हणत, हे आता सोडायचे. स्वतःच्या माणसांसमोर स्वतःच्या माणसांवर असे हसणे सोपे नाही. त्यात जिव्हाळा नसेल तर तो अपमान होतो. जलसाकार त्याच वस्तीतले, त्याच भाकरीवर वाढलेले होते, म्हणून लोकांनी ते हसू स्वीकारले. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की तुमच्या नेसण्यावरून, दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येईल असे राहू नका. ती एका सभेतली गोष्ट. ती ज्या बाया महाडला गेल्या नव्हत्या त्यांच्यापर्यंत पोचवायचे काम जलशासारख्या वाटांनी केले.

इथे थांबून एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. गवळण काढली, नाची काढली, हे योग्य झाले असे चळवळीत मानले गेले आणि त्यामागचे कारण मला पूर्ण कळते. ज्या समाजाच्या लेकीसुनांना पैशासाठी नाचवले गेले, त्याच्या स्वाभिमानाच्या मंचावर तोच नाच कसा चालावा? रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, यांच्याविषयीची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. ब्राह्मण्य सोडून ते तमाशात आले, महार समाजातल्या पवळाबाईबरोबर त्यांनी फड गाजवला. त्यांनी आपल्या खेळाचे पैसे अस्पृश्यांच्या चळवळीसाठी देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, कारण ते पवळेला नाचवून मिळवलेले होते. बाबासाहेबांच्या बाजूने विचार केला की दुसरे उत्तर सुचत नाही. पण पवळेच्या बाजूने कोण विचार करणार? तिने आपल्या गळ्याने आणि पायांनी जे मिळवले होते ते चळवळीच्या दारातून परत आले. तिला स्वतःला त्यात काय म्हणायचे होते, हे कोणी लिहून ठेवले नाही.

इतिहासकार शैलजा पाईक यांनी 2022 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या आयुष्यातून हाच प्रश्न धसाला लावला आहे. अश्लील कोण ठरवतो, आणि ते ठरले की त्याची किंमत कोण मोजते? विठाबाई नारायणगावकर पोटात नऊ महिन्यांचे मूल घेऊन नाचल्या, खेळाच्या मध्यात मंचामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा मंचावर आल्या, ही कथा आपण जिद्दीची म्हणून सांगतो. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळालेल्या या बाईची शेवटची वर्षे हलाखीत गेली, 2002 साली त्या वारल्या. कलेने समाज घडवला असे म्हणताना त्या घडवण्यातून कोण बाहेर फेकले गेले, याचाही हिशेब द्यावा लागतो. जलशाने पुरुषाला मान वर करून उभे राहायला शिकवले. स्त्रीला श्रोत्यांत जागा दिली, मंचावर मात्र दिली नाही. जलशावर ज्यांचे प्रेम आहे त्यांनी हे आधी मान्य करावे. माझे प्रेम आहे, म्हणून मी ते इथे लिहितो.

लाल बावटा कलापथकाची कहाणी वाचकांना अधिक परिचित आहे. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर एकत्र आले. वाटेगावच्या मांगवाड्यातून मुंबईच्या गिरणगावात आलेले अण्णा भाऊ, बार्शीचे मेहबूब पटेल म्हणजे अमर शेख, आणि गव्हाणकर. या त्रयीने कामगार मैदाने दणाणून सोडली. अण्णा भाऊंच्या गणात धरणीमाता आली, शिवाजी महाराज आले, हुतात्मे आले. गवळणीला त्यांनीही रजा दिली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णा भाऊंच्या खेळांना लोकनाट्य हे नाव मिळाले आणि ते कायमचे चिकटले. पुढे शहरी लेखकांनी त्याच नावाखाली बरीच खुसखुशीत नाटके लिहिली. त्यांतली काही उत्तम आहेत, पण त्यांचा हेतू वेगळा होता.

अण्णा भाऊंची एकच रचना घ्यायची तर ती गावी राहिलेल्या मैनेची छक्कड घ्यावी. पोटासाठी मुंबईला आलेला नवरा, मागे राहिलेली बायको, हा लावणीतल्या विरहाचा जुना मामला. ऐकणारा गिरणी कामगार स्वतः त्याच स्थितीत होता, त्याचा गळा दाटून येई. आणि मग छक्कड पुढे सरकता सरकता ती मैना बेळगाव होते, कारवार होते, डांग, उंबरगाव होते. भाषेच्या राज्याची मागणी एका कुळंबिणीच्या आठवणीत जाऊन मिसळते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ठराव पुष्कळ झाले, अग्रलेखांनी रान पेटवले. पण सरहद्दीचा प्रश्न ज्याला नकाशावर दाखवता आला नसता त्यालाही तो काळजात जाणवला, तो या छक्कडीने. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, बेळगाव-कारवार राहिले. मैना आजही सीमाभागात गायली जाते.

14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर आणि त्याच डिसेंबरात बाबासाहेब गेल्यावर जलशाचे रूप पालटले. रात्रभराचा खेळ आक्रसला, गाणे उरले आणि ते फोफावले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक तरुणपणी अक्षर ओळखत नव्हते. मुंबईत ते लिहायला शिकले आणि मग आयुष्यभर गाणी रचत गावोगाव फिरले. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात महाराष्ट्राने पंढरीच्या वाटेचे गाणेही ऐकले आणि भीमगीतेही. एकाच गळ्यात विठ्ठल आणि भीमराव दोघे नांदले, ही या मातीची गोष्ट तत्त्वज्ञांनी अजून नीट उलगडलेली नाही. कॅसेटचा काळ आला तेव्हा 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर गाण्यांचे ठेले लागले. आता मोबाइलवर कडूबाई खरात यांचा आवाज ऐकू येतो, हातात एकतारी, आणि चळवळीच्या मंचावर स्त्रीचा आवाज एवढ्या ठामपणे येण्यासाठी केवढा काळ जावा लागला हे जाणवते.

या परंपरेचे धागे लिखित साहित्यातही दूरवर गेले आहेत. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला आणि मराठी कविता हादरली. त्या कवितेची मोठ्याने म्हणण्याजोगी लय पुस्तकी मराठीतून आलेली नव्हती. अमर शेखांची कन्या मल्लिका याही कवयित्री. दुसरीकडे 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे गेली आणि त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाचा आरंभ त्या मृत्यूपासून होतो आणि 14 वर्षे तो कॅमेरा गाणाऱ्यांच्या मागे फिरत राहतो. गाणे हे या वस्त्यांमध्ये किती प्राणाशी बांधलेले आहे, हे त्या पटात दिसते.

ग्रंथ वाचणाऱ्यांना एक सांगायचे आहे. यातली कवने कागदावर साधी वाटतील. यमके ठरावीक, उपदेश उघडा, शब्दांची पुनरुक्ती बरीच. ती डोळ्यांनी वाचण्यासाठी रचलेली नाहीत. ढोलकीचा तोडा, झीलकऱ्यांची ओढ, मधल्या चौकावर शाहिराने घेतलेला श्वास आणि समोर बसलेल्यांचे होकार यांनी ती पुरी होत. समीक्षकांनी दीर्घकाळ त्यांना प्रचारगीते म्हणून बाजूला ठेवले, तो निवाडा कागदावरून दिलेला होता आणि तो चुकीचा होता. शक्य असेल तिथे ही कवने मोठ्याने म्हणून पाहा. चाल ठाऊक असलेले कोणी घरात असेल तर त्यांना म्हणायला लावा.

शेवटी एक विनंती. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे: स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून आज आपण निदान एवढे बोलू शकतो. असंख्य जलसाकारांनी काही छापले नाही. त्यांची कवने हाताने लिहिलेल्या वह्यांत, बाडांत राहिली आणि त्यांतली कितीतरी पावसात भिजून, वाळवी लागून किंवा घर बदलताना टाकली जाऊन संपली. आपल्या आजोबा-पणजोबांनी जलशात काम केले असेल आणि पेटीच्या तळाशी तशी वही असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. तिची पाने मोबाइलवर टिपून घ्या, ज्या वडीलधाऱ्यांना चाली आठवतात त्यांच्याकडून त्या म्हणवून ध्वनिमुद्रित करा, आणि जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागात एक प्रत द्या. आणि आजीला, पणजीलाही विचारा. मंचावर ती नव्हती, पण समोर बसून तिने सगळे ऐकले आहे.